ट्रॅप-स्कीटसाठी नंबरचा चष्मा : गाल दस्त्याला टेकवून माप घ्या

ट्रॅप किंवा स्कीट (शॉटगननं, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीनं, उडत्या तबकड्या फोडायचे खेळ) खेळणारं गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न काचेच्या रंगाचा असतो. पिवळी घेऊ, नारिंगी घेऊ की ती जांभळी? रंगाचं मी शेवटी बोलते. आधी त्याच्या हातात बंदुकीचा नुसता सागवानी दस्ता देते आणि सांगते : खांद्याला लाव, गाल टेकव आणि रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघ. मग त्याच्याच रोजच्या चष्म्याच्या काचेवर, नजर जिथून बाहेर जाते तिथे मार्करनं टिंब देते. चष्मा काढून त्याच्या हातात ठेवला की बहुतेक जण गप्प होतात. टिंब काचेच्या मध्यात नसतं, पार वरच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला असतं. काहींचं तर फ्रेमच्या कडेवरच पडतं.

ज्या जागेतून तुम्ही बर्ड, म्हणजे ती उडती तबकडी, बघता त्या जागेसाठी तुमचा चष्मा कधी बनलेलाच नसतो. क्ले शूटिंगचा चष्मा निवडायचा म्हणजे आधी ती जागा शोधायची. ब्रँड, रंग, कोटिंग, सगळं त्यानंतर.

धुळ्यात आग्रा रोडजवळ आमचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे मी तपासते, काचा घासणं आणि फिटिंग आमचे हे बघतात. खान्देशात शॉटगनवाले मोजकेच. माझी भुसावळची भाची ट्रॅप खेळते. भोपाळच्या मध्य प्रदेश राज्य अकादमीत शॉटगनची रेंज आहे, आणि भुसावळहून खांडवा-इटारसी करत सरळ गाडी, त्यामुळे तिला पुण्या-मुंबईपेक्षा तेच सोयीचं पडतं. तिचा चष्मा मी केला, मग तिच्या ओळखीनं इतर येऊ लागले. त्यातलेच शिरपूरचे जिभाऊ. घरात वडिलांपासून बारा बोअरची बंदूक, साठीकडे झुकल्यावर स्कीटचा नाद लागला. पहिल्यांदा आले तेव्हा नाकावर बायफोकल होता आणि म्हणणं एवढंच : "मना चष्मा ते बराबर शे, बंदूकच वाकडी शे."

नंबर काढतानाच सांगा, शॉटगन आहे म्हणून

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की दहा मीटरची रायफल-पिस्तूल डोळ्यांपुढे येते. स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून तर जास्तच. शॉटगनमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्य जिंकलं होतं, पण ते कितीजणांच्या लक्षात आहे? याचा तुमच्या चष्म्याशी थेट संबंध आहे. पिस्तूलवाल्याला समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) ठळक दिसावी लागते, टार्गेट थोडं पुसट चालतं, म्हणून त्याच्या काचेचा नंबर कधी कधी माशीच्या अंतरासाठी किंचित बदलून देतात. शॉटगनला नेमकं उलटं. नजर बर्डवर, नळीच्या टोकाचा मणी पुसटच बरा. नुसतं 'नेमबाजीचा चष्मा' म्हणाल आणि समोरच्याला फक्त पिस्तूल माहीत असेल, तर तो चांगल्या मनानं चुकीचा नंबर देईल. रायफलवाल्यांची ती एका डोळ्यापुढे छोटी गोल काच असलेली फ्रेमही शॉटगनच्या कामाची नाही.

दूरचा नंबर पूर्ण हवा, आणि दूर म्हणजे खरंच दूर. बर्डचा व्यास ११० मिमी, उंची साधारण २५ मिमी. ट्रॅपची मशीन तुमच्या पुढे १५ मीटरवर खंदकात असतात आणि पहिला बार होतो तेव्हा बर्ड साधारण ३०-३५ मीटरवर गेलेला असतो. तुमच्यापासून लांब जाणारा, म्हणजे तबकडीची कड दिसते, तोंड नाही. हिशेब केला तर ३५ मीटरवर तो तपासणीच्या तक्त्यातल्या ६/६ च्या अक्षराच्या दुप्पट रुंद दिसतो, पण उंचीला त्या अक्षराच्या निम्माच. तक्त्यातलं अक्षर जागचं हलत नाही, हा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पळतो. रोजच्या वापरात चालून जाणारा पाव-अर्धा नंबर इथे चालत नाही. अर्ध्या नंबरचा सिलेंडर (तिरका नंबर) असेल तर तोसुद्धा काचेत घ्यायचा आणि ॲक्सिस, म्हणजे त्याचा कोन, पुन्हा एकदा तपासून घ्यायचा. "इतका बारीक कशाला टाकायचा" असं कोणी म्हणालं तर आग्रह धरा.

दुसरी बारीक गोष्ट. आपल्या दुकानांत खोल्या लहान. तक्ता तीन मीटरवर आणि आरसा लावून सहाचे केलेले. सहा मीटर म्हणजे डोळ्याच्या हिशेबात अनंत नव्हे, ०.१७ चा फरक राहतो. म्हणून ट्रायल फ्रेम (तपासणीच्या काचा घालायची चौकट) नाकावर ठेवूनच मी गिऱ्हाइकाला पायरीवर आणते आणि लांबच्या टॉवरकडे बघायला लावते. पाव मायनस समोर धरायचा, काढायचा. "आते कसं दिसस?" फरक खरा असेल तर माणूस लगेच सांगतो.

तरुण पोरांना मात्र याच जागी आवरावं लागतं. मायनस वाढवला की अक्षरं काळीभोर दिसतात आणि ती म्हणतात, हाच द्या. ती स्पष्टता नसते, डोळ्याचा स्नायू आत जोर लावत असतो. पहिल्या पंचवीस बर्डला मजा वाटते. १२५ बर्डच्या स्पर्धेत शेवटी कपाळ ठणकतं. लाल-हिरव्या तक्त्यावर दोन्ही बाजूंची अक्षरं सारखी दिसली पाहिजेत, हिरवी जास्त ठळक वाटली तर मायनस जास्त झाला. आणि तपासणीला येण्याआधी तासभर मोबाइल बाजूला ठेवा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात असेल त्या आठवड्यात या. साखर वर-खाली झाली की नंबरही हलतो, आणि मग दोष काचेला लागतो.

बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह रेंजवर नको. प्रोग्रेसिव्हमध्ये वरचा भाग दूरचा असतो म्हणून काहीजण ते वापरतात, पण बाजूंना आणि खाली धूसर पट्टे राहतात, आणि स्कीटला बर्ड बाजूनंच येतो. सिंगल व्हिजन, फक्त दूरचा. स्कोअर लिहायला वाचायचा चष्मा खिशात ठेवा. जिभाऊंना हे पटायला वेळ लागला, कारण मणी पुसट दिसला की त्यांना चुकल्यासारखं वाटायचं. त्यांच्या प्रशिक्षकानंच शेवटी सांगितलं, मण्याकडे बघता म्हणून बंदूक थांबते.

प्रबळ डोळा कोणता, ते नव्या नंबरसह बघा

दोन्ही हात लांब करून पंजे एकमेकांवर ठेवा, मध्ये छोटी फट राहू द्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू धरा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच राहते तो प्रबळ. हे नवा नंबर ट्रायल फ्रेममध्ये घालूनच करायचं, कारण कमजोर डोळ्याचा नंबर पूर्ण दिला की निकाल कधी कधी फिरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचंही पुन्हा बघा, विशेषतः एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवला असेल तर.

उजव्या खांद्यावरून मारता आणि डावा डोळा प्रबळ निघाला तर घाबरू नका. डाव्या काचेवर, नळीचं टोक जिथे दिसतं नेमक्या त्या जागी, धुरकट चिकटपट्टीचा सेंटीमीटरभर गोल तुकडा लावा. बाकी नजर मोकळी राहते, फक्त मण्यापुरता डावा डोळा बाजूला होतो. अख्खी काच झाकू नका. दोन डोळ्यांनी मिळून अंतर आणि वेग कळतो, तो फायदा जातो.

जागा शोधणं

बंदूक घेऊन दुकानात येऊ नका. परवाना असला तरी बाजारपेठेत चष्म्याच्या दुकानात बंदूक काढणं कोणाच्याच हिताचं नाही. आम्ही सुताराकडून सागाचा दस्ता करून घेतला आहे, गालाखालची पट्टी स्क्रूनं वर-खाली होते. प्रशिक्षकाकडून तुमच्या दस्त्याची मापं लिहून आणा : लांबी, आणि रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) रेषेपासून गालाची जागा किती खाली आहे ते. ही पट्टी दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की डोळा काचेमागे हलतो आणि टिंबही हलतं.

जवळ असा चष्मेवाला नसेल तर रेंजवर करा, पण नियमानं. बंदूक रिकामी, उघडून दोघांनी बघितलेली, नळी रेंजच्या दिशेला. नवी फ्रेम तिच्या डेमो काचेसह घाला, नेहमीसारखी बंदूक लावा, नेहमीची टोपी घाला, डावा डोळा मिटा. मदतनीस तुमच्या बाजूला उभा राहील, नळीच्या पुढे कधीच नाही. तो पेन्सिलीचं टोक काचेवरून हळूहळू सरकवेल. टोक मण्यावर आलं की तुम्ही "बस" म्हणा आणि तिथे टिंब. मग बंदूक खाली, खांदे सैल, पुन्हा लावा, पुन्हा टिंब. टिंबं एका बोटाच्या पेरात पडली तर माप खरं. विखुरली तर चष्म्याआधी बंदूक लावण्याची सवय पक्की करायला हवी, आणि ते काम माझं नाही.

हे टिंब साधारण किती वर येतं? गाल टेकवल्यावर डोकं पुढे झुकतं आणि नजर चेहऱ्याच्या मानानं वीसेक अंश वर जाते. काचेवर ते जवळजवळ १० मिमी होतं. भाचीचा उजवा मायनस ४.५०, डावा मायनस ३.००. काचेच्या केंद्रापासून १० मिमी वर बघितलं की उजव्या काचेतून ४.५ प्रिझमचा वाक येतो, म्हणजे मीटरला साडेचार सेंटीमीटर. यावरून कोणी सांगतं की ३० मीटरवर सव्वा मीटरहून जास्त नेम चुकेल. तसं होत नाही. मणी आणि बर्ड दोन्ही एकाच जागेतून दिसतात, दोन्ही सारखेच सरकतात, नेम जुळलेलाच राहतो. खरी भानगड वेगळी आहे. डाव्या काचेतून वाक ३ चा आणि उजव्यातून ४.५ चा, म्हणजे दोन डोळ्यांना बर्ड वेगवेगळ्या उंचीवर दिसतो. हा दीडचा फरक डोळे रेटून मिटवतात, दमले की दोन बर्ड दिसतात किंवा एक डोळा आपोआप बंद होतो. त्यात काच तिरकी पडते म्हणून कड फाटल्यासारखी दिसते आणि तिला निळी-पिवळी किनार येते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि दोनच्या आत असेल तर हे फारसं जाणवत नाही. अशा माणसाला मी सांगते, उंच बसणारी चांगली फ्रेम घे, बाकी खर्च वाचव.

नंबर मोठा किंवा दोन डोळ्यांत फरक असेल तर ऑर्डरच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या की ऑप्टिकल सेंटर, म्हणजे काचेचं केंद्र, खुणेवर हवं. ट्रॅपला बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते, म्हणून सेंटर सरळ टिंबावर. स्कीटला बर्ड दिसेपर्यंत दस्ता खाली ठेवावा लागतो, डोळे आधी काचेच्या मध्यातून बर्ड शोधतात आणि मग वर जातात, म्हणून तिथे टिंब आणि मध्य यांच्यात कुठेतरी. आडव्या बाजूला एक गंमत : उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याची दोन्ही केंद्रं डावीकडे सरकतात, उजव्या काचेत नाकाकडे आणि डाव्या काचेत कानाकडे. पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) तेवढीच राहते, फक्त जोडी सरकते. चिठ्ठीत नुसती एकत्र पीडी लिहिली तर लॅबवाला ती दोन्हीकडे सारखी वाटून टाकतो. प्रत्येक डोळ्याचा आकडा वेगळा लिहा. भाचीच्या चिठ्ठीवर मी शेवटी लाल पेनानं लिहिलं होतं : "हे माप चुकलेलं नाही, असंच हवं आहे." लॅबचा फोन तरीही आलाच.

फ्रेम

वरची कड भुवईच्या वर गेली पाहिजे. हे एक जमलं नाही तर फ्रेम कितीही महाग असो, ठेवून द्या. शूटिंगसाठी बनलेल्या फ्रेममध्ये नाकावरचा पूल वर-खाली होतो आणि काच उंच बसते. त्या बहुतेक बाहेरून मागवाव्या लागतात आणि महाग पडतात. सुरुवातीला मोठ्या काचेची, धातूची, पायलट पद्धतीची फ्रेम चालते, अट एकच की नाकपट्ट्या तारेच्या हव्यात. पट्ट्या जवळ आणून खाली वाकवल्या की फ्रेम तीन-चार मिलिमीटर वर चढते. प्लॅस्टिकच्या फ्रेमला घडवलेलं नाक असतं, तिला काही करता येत नाही.

साधा चष्मा खालून गालाकडे आठ-दहा अंश कललेला असतो, वाचताना तो कल उपयोगी पडतो. इथे नजर वर जाते म्हणून तो काढून काच जवळजवळ उभी करून घ्या. खालची कड गालापासून दोन-तीन मिलिमीटर सुटी हवी. दस्त्याला टेकलेला गाल वर फुगतो, आणि कड गालावर बसली तर प्रत्येक बाराला चष्मा उडी मारतो. काड्या बारीक आणि चपट्या घ्या, जाड काडी कानावरच्या मफची गादी उचलते आणि आवाज आत शिरतो. कानामागे वळणारी केबलची काडी घामात सरकत नाही, मेच्या जळगावात हे किती कामाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

चेहऱ्याला गुंडाळणारी स्पोर्ट फ्रेम दिसायला झकास. नंबर दीड-दोनच्या आत असेल तर घ्या. तीनच्या पुढे त्या गोलाईत नंबर फिरतो. भरपाई करून काच बनवता येते, पण त्यासाठी फ्रेमची गोलाई, कल आणि डोळ्यापासूनचं अंतर मोजणारा माणूस लागतो. पुढे साधी ढाल आणि आत नंबरच्या काचा बसवलेली छोटी जाळी, असाही प्रकार मिळतो. स्वस्त आहे, ढाल बदलून रंग बदलता येतो. पण चार पृष्ठभाग झाले, म्हणजे धूळ चार ठिकाणी, आणि पावसाळ्यात मधल्या पोकळीत वाफ धरते. शिवाय जाळीच्या काचा लहान असतात, टिंब त्यांच्या कडेबाहेर तर जात नाही ना ते बघूनच पैसे द्या.

काच कशाची

हा चष्मा नंबरासाठी आहे तसाच डोळा वाचवण्यासाठीही. फुटलेल्या बर्डचे तुकडे शेजारच्या नेमबाजाच्या जागेपर्यंत येतात, स्कीटला तर समोरून येणारा बर्ड डोक्यावरच फुटतो. ऑटोलोडरची (आपोआप भरणाऱ्या बंदुकीची) रिकामी नळकांडी बाजूला उडतात. म्हणून खरी काच नको, आणि दुकानात 'फायबर' म्हणून मिळते ती सीआर-३९ सुद्धा नको, ती धारदार तुकड्यांत फुटते. उरतात दोन, पॉलिकार्बोनेट आणि ट्रायव्हेक्स. जोराच्या आघाताच्या अमेरिकी झेड ८७.१ मानकात ६.३५ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगानं काचेवर मारून बघतात. या दर्जाच्या नंबरच्या काचेला कमीत कमी २ मिमी जाडी लागते, मायनसच्या काचेत ती मध्यावर मोजायची. लॅब मायनसची काच दिसायला बारीक यावी म्हणून मध्यावर याहून पातळ करून पाठवते, तेव्हा जाडीही चिठ्ठीवर लिहा. फ्रेम पूर्ण कडेची, आतल्या खाचेत काच बसणारी घ्या. नायलॉनच्या दोऱ्यावर लटकलेली काच धक्क्यानं डोळ्याकडे निसटू शकते.

दोघांत निवड कशी करायची? पॉलिकार्बोनेट सगळीकडे मिळतं, पण प्रकाश जास्त विखुरतं. त्याचा ॲबे आकडा (जितका मोठा तितका प्रकाश कमी विखुरतो) ३० च्या आसपास, ट्रायव्हेक्सचा ४५ च्या आसपास. भाचीच्या ४.५ प्रिझमला या आकड्यांनी भागा : पॉलीत ०.१५, ट्रायव्हेक्समध्ये ०.१०. साधारण ०.१ च्या वर गेलं की रंगीत किनार डोळ्याला कळते. केंद्र खुणेवर आणलं की दोन्हीत फरक कमी होतो, पण बर्डमागे नजर फिरतेच. माझा हिशेब सरळ आहे : नंबर दोनपर्यंत पॉली, त्यापुढे ट्रायव्हेक्स. पातळ दिसते म्हणून १.६७ इंडेक्सची काच इथे मागू नका.

मागच्या बाजूला परावर्तनरोधक कोटिंग हवंच. सूर्य पाठीमागे असला की आपलाच गाल काचेत दिसतो.

नंबर सहाच्या पुढे असेल किंवा सिलेंडर मोठा असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार करा. ती डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे केंद्र, कल, टिंब या सगळ्यातून सुटका. वर साधी बिननंबरची सुरक्षा काच घालायचीच. आपल्याकडची कोरडी हवा आणि धूळ बघता रोज फेकायच्या लेन्सच घ्या, आणि सिलेंडरची लेन्स डोळ्यात फिरते का ते आधी डोळे जोरात मिचकावून आणि मान वळवून बघा.

आता रंग

पहिली जोडी पारदर्शक किंवा अगदी फिकी घ्या. ती सकाळी, ढगाळ हवेत, संध्याकाळी, सगळीकडे चालते. पारदर्शक पॉली आणि ट्रायव्हेक्सही अतिनील किरण अडवतातच.

रंगीत घ्यायचीच असेल तर तक्त्यावर बघून घेऊ नका. भाचीनं रेंजवरून फुटका नारिंगी बर्ड आणून दिला आहे, तो आम्ही बांबूला टांगून कधी आभाळावर, कधी कडुनिंबाच्या हिरव्यावर धरतो आणि एकेक नमुना डोळ्यापुढे फिरवतो. मागे हिरवी झाडी असेल तर जांभळट रंग हिरवं दाबतो आणि नारिंगी पुढे येतो. ढगाळ दिवशी पिवळा किंवा फिका नारिंगी उठाव देतो. मेच्या झळाळीत तपकिरी किंवा गडदसर नारिंगी. काहींना लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो आणि त्यांना ते आयुष्यभर ठाऊकही नसतं. त्यांचा कौल सगळ्यांपेक्षा वेगळा येतो, तोच खरा मानायचा. दोन रंग सारखे वाटले तर फिका घ्या. काच जास्त गडद झाली की बाहुली मोठी होते आणि उरलासुरला नंबराचा दोष उघडा पडतो.

उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचेबद्दल हमखास विचारतात. ती तापमानावर चालते. थंडीत गडद होते, उकाड्यात कमी. आपल्याकडे ४४-४५ अंशात, जेव्हा हवी तेव्हाच ती अर्धवट काम करते. शिवाय ढग आला-गेला की तिला मिनिटं लागतात आणि बर्ड थांबत नाही. पोलरॉइडचाही इथे विशेष उपयोग नाही, ती पाण्याची आणि डांबरी रस्त्याची चकाकी मारते.

जिभाऊंना मात्र कुठलाच रंग पटेना. समोरून ऊन आलं की सगळं पांढुरकं. तपासलं तर मोतीबिंदूची सुरुवात. अशा वेळी रंगावर पैसे घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

चष्मा हातात आल्यावर

दुकानातच लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) ऑप्टिकल सेंटरला टिंब मारून घ्या, चष्मा घाला, लाकडी दस्ता लावा. टिंब नजरेच्या रेषेत (स्कीटच्या चष्म्यात ती रेषा आणि काचेचा मध्य यांच्यामध्ये) आलं तर घरी न्या, नाही तर परत करा. चालताना जमीन खोल-उथळ वाटेल, कारण पायाकडे बघताना तुम्ही केंद्रापासून फार खालून बघता. हा चष्मा रेंजपुरता. त्यात जिना उतरू नका, गाडी तर मुळीच चालवू नका.

धूळ बसली की आधी पाणी ओता, मग पुसा. कोरड्या रुमालानं किंवा उपरण्यानं पुसली तर काळ्या मातीचा कण पहिल्या दिवशीच ओरखडा काढतो. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, कोटिंगला बारीक तडे जातात. ॲसिटोन, थिनर लांब ठेवा. खोल ओरखडा किंवा तडा गेलेली काच बदला, तिची ताकद गेलेली असते.

शहादा, नंदुरबार, चोपड्याकडून येणार असाल तर एका फेरीत काम व्हावं म्हणून एवढं सोबत आणा : दस्त्याची मापं, रेंजवर घालता ती टोपी, कानाचे मफ, जुना चष्मा आणि तुमच्या रेंजवर वापरतात त्या रंगाचा बर्ड, फुटका चालेल. सकाळी या, दुपारनंतर कडुनिंब सावलीत जातो.